पिकअप घ्यायची म्हणून चार महिने फिरलो

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात एकच विषय होता, पिकअप. साधी नाही, मोठी, डबल कॅब म्हणजे सीटच्या दोन रांगा असलेली, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, अंगात भरपूर ताकद असलेली. मी सिंहगड रोडला राहतो, आणि सासवडच्या पुढे परिंच्याच्या बाजूला आमची दोन एकर जमीन आहे, तिच्या बांधाला लागूनच ताईचं आणि दाजींचं रान. सीताफळ जास्त, थोडी अंजिरं. जमेल तेव्हा शनिवारी मी जातो आणि जाताना काही ना काही न्यायचं असतंच, कधी खताच्या गोण्या, कधी ड्रिपच्या पाईपचं बंडल, येताना दोन-चार कॅरेट. हे सगळं मी सहा वर्षं आमच्या छोट्या कारमधून केलं, मागची सीट पाडायची, खाली ताडपत्री अंथरायची आणि निघायचं. लेंडीखताचा वास एकदा गाडीत बसला की महिना महिना जात नाही, मुलगी शाळेला जाताना नाक धरून बसायची. शेवटी बायको म्हणाली की एकतर खत न्यायचं बंद करा नाहीतर त्याला वेगळी गाडी बघा.

पण खरं सांगायचं तर खत हे निमित्त होतं. पिकअपचं वेड मला लहानपणापासून आहे. बाबा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते पिंपरीला, १९८८ मध्ये टाटामोबाईल आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि रस्त्यात एखादी दिसली की बाबा माझा हात धरून थांबायचे, बघ म्हणायचे, पुढून कार आहे आणि मागे हौदा. त्याच पायावर नंतर १९९१ ला सिएरा आली. तेव्हापासून पुढून कार मागून हौदा हे चित्र डोक्यात पक्कं बसलंय. त्यात माझा मावसभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याने फोर्डची एफ-१५० रॅप्टर घेतली आणि तिचे वाळूत उडवतानाचे व्हिडिओ पाठवायला लागला. साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, ४५० हॉर्सपॉवर. रात्री जेवून झाल्यावर मी ते व्हिडिओ परत परत बघायचो.

आपल्याकडे तेव्हा शोरूममध्ये जाऊन घेता येईल अशी सगळ्यात ताकदवान पिकअप म्हणजे टोयोटाची हायलक्स. २.८ लिटर डिझेल, २०४ पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), आणि ऑटोमॅटिक घेतली तर ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर. टेस्ट ड्राइव्ह घेतली ती नवले पुलापासून बायपासने कात्रजच्या बाजूला. सिग्नलवरून निघताना पाय नुसता ठेवला आणि दोन टनांची ती गाडी अशी सरकली की पाठीला मागून कुणीतरी हाताने ढकललं असं वाटलं, चढावर सुद्धा तसंच. उंच बसलेलो, समोर लांब बॉनेट, आजूबाजूचे रिक्षावाले वळून बघतायत. मी त्या दिवशी मनात घेतलीच होती.

दोन गोष्टी मात्र त्याच दिवशी जाणवल्या. स्पीडब्रेकरवर मागचा भाग टणकन उडायचा, मागे बसलेली बायको दोनदा "अहो हळू" म्हणाली. हा त्या गाडीचा दोष नाही, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेली कुठलीही गाडी रिकामी असली की तशीच उडते, ते पाटे वजनासाठी असतात, वजन नसेल तर त्यांना दबायला काही मिळतच नाही. दुसरं म्हणजे यू टर्न. एका झटक्यात बसत नाही, मागेपुढे करावी लागते आणि तोपर्यंत मागचे हॉर्न सुरू.

घरी आल्यावर मी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. आमच्या सोसायटीत प्रत्येकाची जागा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, नव्या बिल्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी एवढीच असते. हायलक्सची लांबी ५.३२५ मीटर. म्हणजे भिंतीला टेकवून लावली तरी एक फूट बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेत. रुंदी १.८५५, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६४-६५ सेंटीमीटर उरणार, त्यात आरसे. मी खडूने जमिनीवर चौकोन काढला आणि शेजारच्या काकांना बोलावलं, ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "तुझी गाडी बसेल रे, पण समोरच्या आजींना रिक्षातून उतरून वॉकर घेऊन यायला जागा कुठे राहते?" मला उत्तर नव्हतं. ज्याला गाडी घ्यायचीय त्याने शोरूमला जायच्या आधी हा खडूचा चौकोन काढावा असं मला मनापासून वाटतं, पुण्यात अर्धा निर्णय तिथेच होतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तेव्हा हायलक्सची एक्स शोरूम किंमत ३०.४० लाखांपासून ३७.९० लाखांपर्यंत होती. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या खाजगी डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स, वर इन्शुरन्स, वरचं मॉडेल रस्त्यावर येईपर्यंत ४५ लाखांच्या आसपास. मी ३५ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी धरून बघितलं, ९ टक्क्यांनी महिन्याला ५६ हजारांच्या वर हप्ता जातो. भरू शकलो असतो, ओढाताण झाली असती पण भरू शकलो असतो, म्हणून विचार सोडला नव्हता.

विचार खरा हलला तो दाजींच्या एका प्रश्नाने. गौरीच्या सुट्टीत गावी गेलो होतो, मोबाईलवर त्यांना फोटो दाखवले, इंजिन सांगितलं, फोर बाय फोर सांगितलं, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते ते सांगितलं. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाव्हणं, ह्यात कॅरेट किती बसत्यात?"

मला माहीत नव्हतं. महिनाभर ती गाडी बघत होतो, टॉर्कचे आकडे तोंडपाठ होते, शून्य ते शंभर किती सेकंदात ते माहीत होतं, आणि हौद्यात किती माल बसतो हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मग बघितलं. आपल्याकडे ज्या रूपात ती मिळते त्यात माल अर्ध्या टनाच्या आतच धरलेला आहे. आणि दाजी ज्या भाड्याच्या बोलेरो पिकअपने माल पाठवतात तिच्या नावातच लिहिलेलं असतं, १.३ टी, १.७ टी, म्हणजे तितके टन. इंजिन अडीच लिटर, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. २०४ ची गाडी अर्धा टन सुद्धा नेत नाही आणि ७५ ची दीड-पावणेदोन टन नेते. हे वाचून मी थांबलोच.

मला वाटायचं ताकद वाढली की माल वाढतो. धायरीला एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर टाटा २०७ आणि टेम्पोची कामं केलेले, त्यांच्याकडे जाऊन बसलो. त्यांनी कोपऱ्यात पडलेला एक कमानपाटा उचलून समोर ठेवला, त्याची एकावर एक पानं दाखवली. म्हणाले, माल इंजिन उचलत नाही, हे उचलतं. इंजिन फक्त ओढतं. पानं जास्त आणि जाड, तर माल जास्त पण रिकामी गाडी आदळणार. गाडी पळवायचीय, वळणावर धरायचीय, खड्ड्यातून उडवायचीय तर पाटे मऊ करा किंवा काढून कॉइल स्प्रिंग बसवा, मग माल कमी. दोन्ही एकत्र मिळत नाही. बाकी चासी, ॲक्सल, ब्रेक, टायर हे सगळं त्याच हिशोबात येतं.

हे डोक्यात ठेवून मी परदेशातल्या त्या सगळ्या भारी भारी पिकअप परत बघितल्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच. फोर्डची रेंजर साधी घेतली तर टनाच्या आसपास माल नेते, तिचीच रॅप्टर घेतली, म्हणजे मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग, तर साडेसहाशे किलोच्या आसपास. ब्रिटनमध्ये एक टन नेणारी डबल कॅब पिकअप व्यापारी गाडी धरून करात सवलत मिळायची, रेंजर रॅप्टर त्यात बसतच नव्हती. रॅम १५०० टीआरएक्स, ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८, ७०२ हॉर्सपॉवर, माल ६०० किलोच्या आत आणि ॲव्हरेज अमेरिकन सरकारी आकड्याप्रमाणे गॅलनला १२ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला पाच. आणि हे आजचं नाही, १९९१ ला जीएमसीने सायक्लोन काढली होती, छोटी पिकअप, ४.३ लिटर टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, त्या काळातल्या स्पोर्ट्स कारना मागे टाकायची, आणि तिच्या हौद्यात न्यायची परवानगी फक्त ५०० पौंडांची, म्हणजे सव्वादोनशे किलो. खताच्या साडेचार गोण्या.

मावसभावाला फोन केला. तो प्रामाणिक माणूस आहे. म्हणाला, "दादा, मी हौदा वर्षातून चार वेळा वापरत असेन, एकदा फ्रीज आणला, एकदा माती, दोनदा मित्राचं सामान. मी ती मजेसाठी घेतली आणि मजा पुरेपूर येते." त्याच्याकडे वीकेंडला जायला वाळूचे माळ आहेत, रस्ते रुंद आहेत, पार्किंग आपल्या मंगल कार्यालयाएवढं. शिवाय तिकडे पिकअपच्या मागे ट्रेलर, बोट, घोड्यांची गाडी ओढतात, आणि तिथेही साधी एफ-१५० नीट निवडली तर १४,००० पौंडांपर्यंत ओढायची आणि त्याची रॅप्टर ८,२००. हे त्यानेच सांगितलं. मजेसाठी घेतली असं स्वच्छ म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, मी मात्र स्वतःला खताचं कारण सांगत होतो.

तरी नुसत्या कागदावर ठरवायचं नव्हतं म्हणून ऑक्टोबरमध्ये एका मित्राची इसुझू व्ही-क्रॉस, तीही डबल कॅब पिकअपच, दोन दिवस मागून घेतली. १.९ लिटर, १६३ पीएस, ३६० न्यूटन मीटर, मॅन्युअल. जाताना बोपदेव घाटातून रिकामी नेली, मागे टणटण चालूच होती. रानात पोचल्यावर कॅरेट भरायला सुरुवात केली. हौदा साधारण पाच फूट लांब पाच फूट रुंद, पण आत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे येतात, त्यामुळे कॅरेट सपाट बसेनात, फिरवून फिरवून लावली आणि दोन थरांत सोळा बसली. फाळका उंच असल्यामुळे प्रत्येक कॅरेट छातीपर्यंत उचलावं लागत होतं, बोलेरोच्या हौद्याचा फाळका तिन्ही बाजूंनी पाडता येतो, हिचा एकाच बाजूला. दाजींचा मुलगा वर चढून घेत होता आणि मी खालून देत होतो, सोळा कॅरेटला माझी कंबर धरली.

मग सासवडजवळच्या वजनकाट्यावर गाडी चढवली. माल ३४० किलो, आम्ही तीन माणसं, आणि आरसी बुकात लिहिलेल्या एकूण वजनाच्या आम्ही अगदी जवळ पोचलो होतो. अजून दहा कॅरेट टाकली असती तर पाट्यांना काही झालं नसतं कदाचित, पण कागदावर ओव्हरलोड झालो असतो, आणि उद्या काही अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच बघणार.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती सांगतो. भरलेली गाडी चालवायला रिकामीपेक्षा कितीतरी छान होती. पाटे दबले, मागचं आदळणं बंद, घाटात गाडी रस्त्याला चिकटून चालली. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० च्या आसपास इंजिन फिरत होतं आणि ती निवांत चढत होती, मला एकदाही वाटलं नाही की अजून ४० पीएस हवे होते. उलट उताराला कळलं की भरलेल्या गाडीत ताकदीचा प्रश्न नसतोच, ब्रेक आणि खालचा गिअर याचा असतो. दुसऱ्या गिअरवर उतरवली, ब्रेकला जास्त हात लावला नाही. ५०० न्यूटन मीटर असते तर त्या उतारावर मी त्यांचं काय केलं असतं?

त्या रात्री मी डायरी काढली. मी शेताच्या खर्चाची डायरी लिहितो त्यामुळे वर्षभराच्या फेऱ्या मोजता आल्या. एकूण ४१. त्यातल्या २७ फेऱ्यांना एक-दोन गोण्या किंवा नुसती पिशवी, कारमध्ये मावेल एवढंच. ५ फेऱ्यांना इतका माल की व्ही-क्रॉस असो की हायलक्स, दोन-तीन खेपा कराव्या लागल्या असत्या, तेव्हा भाड्याचीच पिकअप बोलावली होती. डबल कॅब पिकअप ज्यासाठी अगदी बरोबर, म्हणजे घरची माणसंही आणि शंभर ते चारशे किलो मालही, अशा फेऱ्या निघाल्या ९. वर्षाला नऊ. आणि दाजींच्या मोठ्या फेऱ्या मोजल्या तर सीझनमध्ये तीसच्या वर, प्रत्येकीला बाराशे ते अडीच हजार भाडं, मार्केट यार्डला गेलं तर हमाली वेगळी.

ज्याच्या त्या नऊ फेऱ्यांच्या जागी साठ आहेत त्याने डबल कॅब जरूर घ्यावी. माझ्या ओळखीत एकाचं वेल्ह्याच्या बाजूला रान आहे, पावसाळ्यात शेवटचे तीन किलोमीटर नुसता चिखल, तो कामगार, पंप, डिझेलचे कॅन घेऊन आठवड्यातून दोनदा जातो, त्याला फोर बाय फोर लागतेच आणि त्याने घेतलीय ती योग्यच आहे. लडाख, स्पितीला तंबू घेऊन महिना महिना फिरणारे आहेत, त्यांनाही शोभते. पण त्यांनाही चिखलात उपयोगी पडतो तो लो रेंज गिअर (हळू पण जास्त जोराने ओढणारा), चांगले टायर आणि जमिनीपासूनची उंची. वरची ताकद उपयोगी पडते ती मोकळ्या हायवेवर, आणि आपल्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला कारसाठी १०० ची मर्यादा आहे, कॅमेरे लागलेत, तिथे १६३ काय आणि २०४ काय, दोन्ही तेवढ्यातच. मग ती जास्तीची ताकद कुठे वापरायची याचं उत्तर ज्याचं त्याने गाडी घेण्याआधी नाव घेऊन सांगावं, अमुक रस्ता, अमुक माल. मला सांगता आलं नाही.

नोव्हेंबरमध्ये मी आणि दाजींनी मिळून जुनी बोलेरो पिकअप बघायला सुरुवात केली. मिस्त्रींना बरोबर घेतलं ते फार बरं झालं. हडपसरच्या पुढे एका डीलरकडे एक दिसायला चकाचक होती, खालून चासीला नवा काळा रंग. मिस्त्री ताडपत्री टाकून खाली झोपले, बारीक हातोडीने ठोकत गेले आणि मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चासीला जिथे अडकवतात तिथे थांबले. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगची जाड शिवण. चासी तिथे चिरली होती, म्हणजे वर्षानुवर्षं दुप्पट माल भरलेला. डीलर म्हणाला किरकोळ आहे. दाजी नुसतं "चला" म्हणाले. जुनी पिकअप घेताना इंजिनाचा आवाज नंतर ऐकला तरी चालेल, आधी खाली झोपून पाटे, हँगर आणि चासी बघा, मागच्या मालकाने तिला कसं वागवलं ते सगळं तिथे लिहिलेलं असतं.

चौथी गाडी जमली. २०२१ ची, एका नर्सरीवाल्याची, झाडं आणि कोकोपीट वाहिलेली म्हणजे वजन बेताचं. साडेसहा लाख. पिवळी पाटी म्हणजे व्यावसायिक नोंदणी, दाजींच्या नावावर. मला लायसनची काळजी होती कारण माझ्याकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं आहे, पण त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, ती शंका मिटली. पिवळ्या पाटीला फिटनेसचं पासिंग आठ वर्षं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी, ते करावं लागतं, आणि ते करायलाच हवं. पांढऱ्या पाटीवर दुसऱ्याचा माल भाड्याने नेता येत नाही, पिवळीवर येतो, त्यामुळे शेजारच्या दोघांचा मालही आता आमच्याच गाडीतून जातो आणि डिझेल सुटतं.

आमची कार आहे तशीच आहे. सीटची कव्हरं धुतली, खत तिच्यात जात नाही.

आमच्या सीताफळाचा शेवटचा तोडा डिसेंबरच्या सुरुवातीला निघाला. पहाटे साडेतीनला उठलो, अंगणात ताई चहा घेऊन उभी. तिन्ही फाळके पाडून आम्ही चौघांनी पाऊण तासात कॅरेट भरली, कंबरेएवढ्या उंचीवर, कुणाला वर चढायला लागलं नाही. वरून ताडपत्री, दोरी मी बांधली, दाजींनी ओढून बघितली आणि एक गाठ सोडून परत मारली. गाडी मी चालवली. सासवडपर्यंत चाळीसच्या वर काटा नेला नाही, चढ आला की दुसरा गिअर, इंजिन कुरकुरत नव्हतं, हळूहळू पण सरळ चढत होतं, मागून बारीकसा पाट्यांचा आवाज. बाजारात पोचलो तेव्हा अजून अंधार होता. दाजींनी खाली उतरून हौद्यावर हात ठेवला, कॅरेट मोजली आणि आडत्याला आकडा सांगितला, "सत्तर."